मुलांना क्लासला स्वतःचं स्वतः जाऊ द्यायचंय? सुरुवात कुठून करायची, ते सगळं सविस्तर

संध्याकाळी साडेपाचला पुण्यात कोथरूडमधल्या कुठल्याही क्लासच्या गल्लीत पाच मिनिटं उभं राहून बघा. दोन्ही बाजूंना स्कूटर, मध्येच आडवी लावलेली एखादी कार, आणि प्रत्येक गाडीवर आई नाहीतर बाबा आणि मागे दप्तर घेतलेलं आठवी-नववीतलं मूल. यातली बरीचशी मुलं फार लांबून आलेली नसतात, एक-दीड किलोमीटरवरूनच येतात. मीही तीन वर्षं त्याच गर्दीत उभी असायचे. रस्त्यावर गाड्या फार म्हणून आपण मुलाला गाडीवर सोडतो, आणि ती आपली गाडी त्या गल्लीत अजून एक गाडी होते, मग समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईलाही तिच्या मुलाला चालत पाठवायची भीती वाटते. हे एका दिवशी नीट लक्षात आलं आणि मग आम्ही लेकीला, ती तेव्हा सातवीत होती, हळूहळू स्वतःचं स्वतः जायला शिकवलं. पूर्ण व्हायला जवळजवळ आठ महिने लागले. काय काय केलं, काय चुकलं ते क्रमाने सांगते. साधारण अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी हे चालेल. त्याहून लहान मुलांना येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज नीट येत नाही, त्यांना घाई करू नका.

आधी तब्येतीचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी जरा दम लागेल अशी हालचाल करायला हवी, आणि जगभरात ११ ते १७ वयातल्या पाचातल्या चार मुलांची तेवढी होत नाही, मुलींची तर मुलांपेक्षाही कमी होते. आपल्याकडे सातवीनंतर ग्राउंड सुटतं, शाळा, क्लास, होमवर्क यातून व्यायामासाठी वेगळा तास कुठून काढणार? पण जायला-यायला वेळ तर रोज लागतोच. क्लास दीड किलोमीटरवर असेल तर चालत वीस मिनिटं, म्हणजे जाऊन येऊन चाळीस. तीन किलोमीटर असेल तर सायकलने पंधरा-अठरा मिनिटं, जाऊन येऊन अर्धा तास. ट्रॅफिकमध्ये स्कूटरला काही फार कमी वेळ लागत नाही. हाडांची मजबुती याच वयात तयार होते, दिवसाउजेडी बाहेर राहणाऱ्या मुलांना चष्मा लागायची शक्यताही कमी असते.

एक कळकळीची विनंती, हे सगळं मुलाच्या वजनाशी जोडू नका. "जरा जाड झालीयस, सायकलने जा" असं एकदा म्हटलंत की ती सायकल शिक्षा होते आणि या वयात असं वाक्य वर्षानुवर्षं मनात राहतं. आम्ही लेकीला सांगितलं की तुला आता आमच्यासाठी थांबावं लागणार नाही, तुझा वेळ तुझा. तिला तेच जास्त आवडलं.

पायरी १: शाळेपासून सुरुवात करू नका

बहुतेक लोक जूनमध्ये शाळेपासूनच सुरुवात करतात आणि दोन आठवड्यांत सोडून देतात, कारण दप्तर जड, सकाळची घाई, उशीर झाला की गेट बंद, वर पाऊस. त्यापेक्षा आधी एकदम छोटं काम निवडा. दळण टाकून येणं, कोपऱ्यावरून दूध-कोथिंबीर आणणं, आजीची गोळ्यांची पट्टी मेडिकलमधून आणणं. यात पैसे द्यायचे, सुटे मोजून घ्यायचे, अनोळखी माणसाशी बोलायचं, नाही मिळालं तर काय करायचं ते स्वतः ठरवायचं, सगळं येतं. आमच्या लेकीला पहिल्यांदा गिरणीवाल्या काकांशी बोलायलाच लाज वाटत होती, डबा ठेवून काही न बोलता परत आली. तिसऱ्या वेळेपर्यंत "बारीक दळा हं" सांगायला लागली.

मग हलकी बॅग असलेला, उजेडातला एखादा क्लास निवडा. शाळा सगळ्यात शेवटी.

पायरी २: रस्ता दोघांनी मिळून चालून बघायचा, तोही दोनदा

एकदा रविवारी सकाळी शांततेत आणि एकदा क्लासच्याच दिवशी, क्लासच्याच वेळेला. रविवारी सात वाजता जो चौक रिकामा दिसतो तो मंगळवारी साडेपाचला ओळखूही येत नाही.

मॅप जो सगळ्यात जवळचा रस्ता दाखवतो तो बहुतेक मोठ्या रस्त्याने जातो. कोथरूडात कर्वे रोडने जाण्यापेक्षा मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनीतल्या आतल्या गल्ल्यांनी गेलं तर दोन-चार मिनिटं जास्त लागतात पण झाडं असतात, गाड्या हळू असतात. तुमच्या भागातही अशा गल्ल्या असतील, त्या तुमच्यापेक्षा मुलांना जास्त माहिती असतात, त्यांना विचारा. चालताना कागदावर साधा नकाशा मुलाकडूनच काढून घ्या: कुठे ओलांडायचं, कुठल्या बिल्डिंगच्या गेटमधून गाडी अचानक बाहेर येते, कुठे फुटपाथ संपतो, कुठे कुत्री बसतात, कुठला दिवा लागत नाही.

आणि वाटेतले आधार ठरवा. आधार म्हणजे अशी दुकानं किंवा घरं जिथे काही झालं तर मूल सरळ आत शिरेल. आमचे तीन आहेत, एक मेडिकल, एक किराणा आणि एका सोसायटीचे वॉचमन काका. मी तिघांकडेही लेकीला घेऊन गेले, सांगितलं की ही रोज इथून जाणारे, कधी अडली तर फोन करू द्या. कुणीच नाही म्हणालं नाही, उलट किराणावाले काका आता तिला उशीर झाला तर तिलाच विचारतात.

पायरी ३: रस्ता ओलांडणं

यावर जितका वेळ घालवाल तितका कमी. मोठी माणसं कशी ओलांडतात? हात दाखवत, गाड्यांच्या मधून, थांबत थांबत. मुलांनी आपलं बघूनच शिकलेलं असतं, त्यामुळे पहिले आपण सुधारायचं, झेब्रापर्यंत चालत जायचं, मूल सोबत नसतानाही.

मुलाला या गोष्टी रस्त्यावर उभं राहून दाखवा, घरी सोफ्यावर बसून नाही:

वन-वे असला तरी दोन्हीकडे बघायचं. राँग साइडने येणारी बाइक ही अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. सिग्नल हिरवा झाला तरी वळणारी गाडी थांबलीय ना हे बघूनच पाय टाकायचा. ड्रायव्हरच्या डोळ्यात बघायचं, त्याने आपल्याला बघितलंय असं वाटलं तरच निघायचं. उभ्या असलेल्या बसच्या पुढून कधीही पळत जायचं नाही, बस जाऊ द्यायची आणि मग बघायचं. दोन पार्क केलेल्या गाड्यांच्या मधून अचानक बाहेर यायचं नाही. फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चालायचं म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. सायकल मात्र कायम डावीकडून, यात मुलांचा फार गोंधळ होतो म्हणून पुन्हा पुन्हा सांगा. आणि कानात इअरफोन नाही. एका कानातही नाही. यावर आमच्याकडे तडजोड नाही.

मोठा चौक ओलांडणं जमेपर्यंत तो मार्ग देऊच नका. थोडं लांबून जाऊ दे.

पायरी ४: तुम्ही हळूहळू मागे पडायचं

पहिला आठवडा मूल पुढे चालणार आणि तुम्ही दोन पावलं मागे, निर्णय त्याचा. तुम्ही फक्त धोका असेल तरच बोलायचं. हे फार अवघड जातं, तोंडातून "अगं बघ, बघ" येतंच, मलाही तोंड बंद ठेवायला शिकावं लागलं. दुसऱ्या आठवड्यात अंतर वाढवा, पन्नास पावलं. मग अर्ध्या वाटेपर्यंत सोबत आणि पुढे एकटं. मग घरातून एकटं आणि तुम्ही क्लासच्या दारात भेटणार. मग काहीच नाही, फक्त "पोचले" असा एक मेसेज.

फोनबद्दल. लोकेशन शेअर करून ठेवायला हरकत नाही, पण मुलाला सांगून, चोरून नाही. आणि ते दर दोन मिनिटांनी बघत बसू नका, रस्त्यात तर फोन अजिबात करू नका, कारण आईचा फोन वाजला की मूल चालता चालता तो उचलणार आणि तेवढ्यात लक्ष जाणार. आम्ही ठरवलं की पोचायच्या वेळेनंतर दहा मिनिटं थांबायचं आणि मगच फोन. तोंडपाठ करून घ्यायचे नंबर: आई, बाबा, ११२ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८. बॅटरी संपली तर पाठ असलेलाच नंबर कामाला येतो.

एका दिवशी पंचवीस मिनिटं झाली तरी मेसेज नाही. मी चपला घालून जिन्यात उतरले होते. ती मैत्रिणीच्या कुत्र्याला खायला घालत बसली होती आणि मेसेज विसरली. त्या दिवशी मी खूप ओरडले, ते चुकलं, कारण पुढच्या वेळी खरंच काहीतरी झालं तेव्हा (खाली सांगते) ती सांगायला घाबरली. उशीर झाला तर का झाला ते आधी ऐका.

पायरी ५: जोडीदार शोधा

एकटं जाणं हे काही परीक्षेसारखं नाहीये. तीन-चार मुलं एकत्र गेली तर ती ड्रायव्हरला लांबून दिसतात, मजा येते, आणि आळस आला तरी कुणीतरी खालून हाक मारतं. बिल्डिंगच्या ग्रुपवर सरळ विचारा, "मंगळवार-गुरुवार पाच वाजता अमुक दिशेला कोण कोण जातं?" मला वाटलं कुणी उत्तर देणार नाही, संध्याकाळपर्यंत चार घरं निघाली. फक्त एक नियम करा की सायकलवर असतील तर एकामागे एक, शेजारी शेजारी गप्पा मारत नाही.

पायरी ६: सायकल

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे, माझे बाबा पेठेतून कॉलेजला सायकलनेच जायचे. आता रस्ते वेगळे आहेत हे खरं, त्यामुळे तयारी जास्त लागते.

नवी घ्यायच्या आधी पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकली बघा. ट्यूब-टायर, ब्रेक शू आणि चेनला ऑइल एवढ्यात त्यातली एखादी छान चालू होते. घ्यायचीच असेल तर जाड टायर आणि शॉकरवाली वजनदार सायकल मुलं मागतात कारण ती भारी दिसते, पण रोजच्या जाण्यायेण्याला मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड असलेली हलकी सायकल बरी. दप्तर पाठीवर नको, कॅरिअरला दोरीने बांधा. साधारण १४० ते १५५ सेंटीमीटर उंचीला २४ इंची, त्यापेक्षा उंच मुलांना २६ इंची, पण बसवून बघूनच ठरवा: सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे आणि थांबल्यावर चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. "वाढत्या अंगाची" म्हणून मोठी सायकल घेऊ नका, ती आवरत नाही आणि मूल पडतं.

हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं. मागे सरकवलेलं हेल्मेट काही कामाचं नाही. पुढे पांढरा, मागे लाल लाइट, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये क्लास सुटेपर्यंत अंधार होतो. घंटी चालू. कुलूप नुसत्या चाकाला नाही, फ्रेममधून घेऊन खांबाला.

सराव आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तीन गोष्टी जमल्याशिवाय गेटबाहेर नाही: एक हात सोडून सरळ रेषेत चालवणं, हँडल न वळवता मागे वळून बघणं, आणि दोन्ही ब्रेक एकदम लावून ठरलेल्या रेषेवर थांबणं. आम्ही खडूने रेषा मारली होती. मग रविवारी सकाळी आतल्या गल्ल्यांमध्ये, मूल पुढे आणि तुम्ही दुसऱ्या सायकलवर मागे. तुम्हाला सायकल येत नसेल तर ज्यांना येते अशा मावशी-काकांना सोबत पाठवा.

रस्त्यावरचे नियम यातले सगळ्यात महत्त्वाचे आधी. बस, टँकर, डंपर, मिक्सर यांच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसायचं नाही. सिग्नलला बस उभी असेल आणि डावीकडे सायकलपुरती जागा दिसत असेल तरी मागेच थांबायचं. ती वळली तर ड्रायव्हरला डावीकडचं मूल दिसतच नाही. हे मी लेकीला एका उभ्या टेम्पोत ड्रायव्हरच्या सीटवर बसवून दाखवलं, त्या दादांना विनंती केली आणि त्यांनी आनंदाने बसू दिलं. बाहेर डावीकडे, दाराला खेटून मी उभी होते, तिला मी दिसले नाही. त्यानंतर परत सांगावं लागलं नाही.

पार्क केलेल्या कारपासून दाराएवढं अंतर ठेवायचं, दार कधीही उघडतं. रिक्षा कधीही थांबते. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर स्कूटरवाल्यांसारखं मध्ये घुसायचं नाही, डावीकडे उतरायचं आणि सायकल हातात धरून झेब्रावरून पलीकडे जायचं. यात काही कमीपणा नाही, मी पण तेच करते.

पावसाळ्यात पाणी साचलेल्या जागेतून सायकल घालायची नाही, खाली खड्डा आहे की उघडं चेंबर कळत नाही. ओले ब्रेक उशिरा लागतात, चेंबरची लोखंडी झाकणं आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे घसरतात. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी सायकल घरी, बसने जा नाहीतर सोडायला जा, त्याने काही बिघडत नाही.

दर रविवारी दहा मिनिटं हवा, ब्रेक, चेन. हे मुलानेच करायचं. पंक्चर काढता आलं नाही तरी चालेल, पण सायकल ढकलत पंक्चरवाल्यापर्यंत न्यायची हे माहिती हवं आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात शंभर रुपये कायम हवेत.

पायरी ७: बस आणि मेट्रो

चालत आणि सायकलने जग तीन-चार किलोमीटरचं होतं, बस आली की अख्खं शहर उघडतं. पहिल्यांदा सोबत जा, पण सगळं मुलाला करू दे: पाटी वाचणं, तिकीट, कुठल्या स्टॉपला उतरायचं. मेट्रो शिकायला सोपी कारण नकाशा आणि अनाउन्समेंट दोन्ही असतं. आमचा धडा असा होता, आयडियल कॉलनीला चढायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, मंडईला उतरायचं, तुळशीबागेतून आजीसाठी वाती आणि फुलवाती घ्यायच्या आणि परत. पहिल्यांदा मी शेजारी, दुसऱ्यांदा मी त्याच डब्यात पण लांब, तिसऱ्यांदा ती आणि मैत्रीण दोघीच.

आता ते "काहीतरी झालं" म्हटलं ते. बसमध्ये गप्पांच्या नादात तिचा स्टॉप गेला, पुढच्या स्टॉपला उतरण्याऐवजी घाबरून बसूनच राहिली आणि चार स्टॉप पुढे गेली, आणि मला फोन केला नाही कारण मी ओरडेन असं वाटलं. शेवटी एका आजींनी विचारलं तेव्हा त्यांनी उतरवून परतीची बस दाखवली. तेव्हापासून घरात ठरलंय: चुकलं की पहिला फोन घरी, आणि घरचं माणूस फक्त दोन प्रश्न विचारणार, कुठे आहेस आणि तुला काय वाटतं आता काय करावं. ओरडायचं नाही.

गावाकडच्या मुलामुलींसाठी एसटीचा विद्यार्थी पास आहे, मुलांना तिकिटाच्या साधारण एक तृतीयांश पैशात, आणि मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट. शाळेतून अर्ज मिळतो.

मुलगी आहे म्हणून

आमच्याकडे सासूबाईंचा पहिला प्रश्न हाच होता, "मुलीच्या जातीला एकटं कशाला पाठवता?" त्यांची काळजी खोटी नव्हती. मी त्यांनाच एकदा सोबत पाठवलं, रस्ता दाखवायला लेक आणि मागे आजी. परत आल्यावर त्यांनीच सुचवलं की त्या अंधाऱ्या गल्लीऐवजी देवळाकडून जात जा. त्या दिवसापासून त्या आमच्या बाजूने.

मुलींशी स्पष्ट बोला, आणि मुलांशीही. कुणी पाठलाग केला, काही बोललं, हात लावला तर मोठ्याने ओरडायचं, आधारच्या दुकानात शिरायचं, घरी सांगायचं. आणि सांगितलं म्हणून तुझं जाणं बंद होणार नाही, हे आधीच शब्द देऊन सांगायचं. जाणं बंद होईल या भीतीनेच मुली गप्प बसतात. तो माणूस चुकला असेल तर रस्ता बदलू, सोबत येऊ, तक्रार करू, पण सायकल काढून घेणार नाही.

बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली, नंतर अभ्यासकांनी मोजलं तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशाने वाढलेलं होतं. मुली घोळक्याने सायकलवर जायच्या त्यामुळे रस्त्यावरही त्यांना बळ मिळायचं. मला कधी भीती वाटली की मी त्या घोळक्याचा विचार करते.

स्कूटरचा मोह

नववी-दहावीला मुलं म्हणतात मला ॲक्टिव्हा दे, आणि दमलेले आईबाबा देतात. कृपा करून देऊ नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. लायसन्स लागत नाही म्हणून हळू चालणारी इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन देणारेही आहेत, पण त्यात पाय हलत नाहीत आणि मूल शिकल्याशिवाय थेट ट्रॅफिकमध्ये जातं.

शाळेकडे, क्लासकडे काय मागायचं

आमच्या क्लासमध्ये सायकल लावायला जागाच नव्हती, सरांच्या गाडीसाठी मात्र होती. आम्ही चार पालक भेटलो, सायकल लावायला सहा जागा मागितल्या आणि सुटायची वेळ पाच मिनिटं मागेपुढे करायची विनंती केली म्हणजे चालणारी मुलं गाड्यांच्या आधी निघतील. दोन महिन्यांनी झालं. शाळेकडे हेच मागा, शिवाय गेटपासून शंभर मीटरपर्यंत गाडी न थांबवण्याचा नियम. सोडायचंच असेल तर तिथे सोडा आणि शेवटचे शंभर मीटर मूल चालेल. फुटपाथ तुटलाय, झेब्रा पुसलाय तर फोटो काढून वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, परत जा. दरवर्षी ११ डिसेंबरला, २०२१ पासून, पुणे महापालिका पादचारी दिन करते आणि लक्ष्मी रोडचा काही भाग गाड्यांना बंद असतो. त्या दिवशी मुलांना तिथे घेऊन जा, एवढा मोठा रस्ता मधोमध चालत जाताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आणि कंटाळा

दोन महिन्यांनी तो येणारच. "आज सोड ना गं आई." आमच्याकडे आठवड्यात एक दिवस सोडायचा ठरलेला आहे, कुठला ते लेक ठरवते, कारण विचारायचं नाही. तिने सुरुवातीला तो दर सोमवारी वापरला. हल्ली बहुतेक परीक्षेच्या दिवसांसाठी राखून ठेवते.